मुक्त परवाना आणि घडणावळीचा प्रश्न

रायपूरच्या सदर बाजारातील सराफीत दागिन्याचे मोल दोन हिशेबांनी ठरते : सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. मुक्त स्रोत परवाने आज्ञावलीकाराला न्याय देतात काय, या प्रश्नातही स्वामित्व आणि श्रममूल्य हे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात.

भारतीय कायद्यात, १९८४ च्या दुरुस्तीनंतर, संगणक-आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. तिच्या अनुवादाचा अधिकार स्वामित्वधारकाकडे राहतो. रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सिद्ध झालेल्या ग्नू सार्वजनिक परवान्याने हे स्वामित्व नाकारले नाही. उलट, त्याच्याच बळावर वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा सर्वांना दिली आणि ती पुढे देण्याचे बंधन प्रत्येक वितरकावर घातले. एमआयटी परवान्यात हे बंधन नाही. तेथे इतरांची आज्ञावली बंदिस्त उत्पादनात सामावता येते. मूळ हक्कसूचना तेवढी राखावी लागते.

या पूर्वसंमतीमुळेच 'केडीई' या मुक्त डेस्कटॉप प्रणालीचे छत्तीसगढी रूपांतर रवि रतलामी यांच्या पुढाकाराने होऊ शकले. कोणा कंपनीच्या अनुमतीची वा बाजाराच्या अंदाजाची वाट पाहावी लागली नाही. अशा रूपांतरात अनुवादकाचे नाव धारिकेच्या शिरोभागी नोंदले जाते. मोबदल्याविषयी परवाना मौन पाळतो.

या प्रदेशाला हा अनुभव नवा नाही. माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर यांनी १९०० मध्ये सुरू केलेले 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक आर्थिक अडचणींमुळे १९०२ अखेर बंद पडले. संपादकांचे नाव टिकले; निर्वाहाची सोय झाली नाही. जागतिक पातळीवर हेच वास्तव २०१४ मध्ये, 'ओपनएसएसएल'मधील 'हार्टब्लीड' दोषाने, उघड केले. असंख्य आर्थिक व्यवहारांची सुरक्षा तुटपुंज्या देणग्यांवर आणि मोजक्या व्यक्तींच्या श्रमांवर विसंबून होती. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांकडून निधी उभारला.

व्यापारी उपयोगास मनाई करून हा दोष दूर होणार नाही. कोणत्याही क्षेत्रातील उपयोगास मज्जाव करणारा परवाना 'मुक्त स्रोत' या संज्ञेच्या व्याख्येतच बसत नाही. तात्पर्य, कर्तृत्व आणि पुनर्वापर यांबाबत हे परवाने न्याय्य आहेत. घडणावळ मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहते. ती चुकती करण्याचे दायित्व त्या कृतीवर चालणाऱ्या संस्थांचे, उद्योगांचे आणि शासनाचे आहे.