जर्सीवरचं नाव, मुकेशचा आवाज

1996चा क्रिकेट विश्वचषक ‘विल्स’ या सिगारेटच्या नावाने झाला. भारतीय संघाच्या जर्सीवरही त्या दशकात तेच नाव दिसे. आम्हा पोरांना कुणी सिगारेट विकतंय असं वाटलंच नाही. ना धूर, ना खोकला. नुसतं पराक्रमाशेजारी नाव. मला हीच सगळ्यात धूर्त जाहिरात वाटते. 2003च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती आणि प्रायोजकत्वावर बंदी आली.

उलट बाजूने उभा राहिला भुसावळचा मुकेश हराणे. तो तर गुटखा खाणारा. 2009 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्याच्यावरच्या तंबाखूविरोधी फितीत नट नाही, आकडेवारी नाही. नाव, वय आणि त्याचा स्वतःचा आवाज. 2 ऑक्टोबर 2012पासून तंबाखूची दृश्यं असलेल्या चित्रपटांत सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर अशा फिती सक्तीच्या झाल्या. लोक त्याची नक्कल करून हसायचे, ते मला फार लागायचं. आपल्या खानदेशातला मुलगा होता तो!

आम्हा नवीन पनवेलकरांना पनवेलहून तिसरं स्टेशन खारघर. तिथे टाटाचं कर्करोग केंद्र आहे, म्हणजे मुकेशची गोष्ट आपल्यापासून फार दूर नाही. म्हणून पडद्यावर अशी फीत लागली की मोबाइल काढू नका, शेजारच्या पोरालाही बघू द्या.