गिरणीतले कूळ

रत्नागिरीच्या टिळक आळीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांस २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी लष्कराच्या गोळ्या सोसून सहा दिवस हरताळ पाळला, तेव्हा जिनिव्हात परागंदा होऊन राहिलेल्या लेनिनने पंधरवड्याच्या आतच लिहिले की, हिंदुस्थानचा श्रमजीवी वर्ग आता राजकीय लढा देण्याइतका जागृत झाला आहे व इंग्रजी अंमलाचे दिवस भरले आहेत.

त्या काळी मात्र प्रगत औद्योगिक देशांतच समाजवादी क्रांतीचा आरंभ होईल, ही मार्क्सच्या अनुयायांची सर्वमान्य अपेक्षा होती. शेतकरीबहुल रशियात वाढलेल्या लेनिनने तीत कामगार व शेतकरी यांच्या युतीचा सिद्धांत घातला आणि १९२० साली परतंत्र राष्ट्रांच्या स्वातंत्र्यलढ्यालाही स्थान दिले. परंतु ही युती मुळात दोन निराळ्या वर्गांची. मुंबईत हरताळ पाळणाऱ्यांत ज्याचा भरणा मोठा, त्या आमच्या रत्नागिरीकर चाकरमान्याच्या घरी मात्र कामगार आणि शेतकरी एकाच चुलीवरचे जेवत होते. गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या अर्धेल-तिर्धेलीने, म्हणजे पिकाच्या निम्म्या वा तिसऱ्या हिश्शाच्या वसुलीने, धान्य नेले, वेठीने दिवस नेले, म्हणून थोरला आगबोटीने गिरणीत गेला. त्याच्या मनीऑर्डरीतून खोताची बाकी फिटू लागली. आणि १९२८ साली गिरण्यांत सहा महिने संप चालला तेव्हा हजारोंना आसरा दिला तो गावच्या भातानेच. लेनिनच्या ग्रंथांची तोंडओळखही नसलेल्या या कुटुंबांनी त्याचा सिद्धांत आचरिला होता, असे मी निःशंकपणे म्हणतो.

एक गोष्ट मला फार विचार करावयास लावते. टिळकांचे घराणे चिखलगावच्या खोतांचे, आणि खोतांच्या हक्कांस मर्यादा घालणाऱ्या सरकारी विधेयकास त्यांच्या 'केसरी' पत्राचा विरोध होता. तरीही १९०८ साली रस्त्यावर उतरली ती कुळांचीच मुले. केवळ वर्गहिताच्या हिशेबात हे बसत नाही, आणि समाजवादाच्या अभ्यासकाने ते बळेच बसवूही नये.

कुळांचा स्वतःचा प्रश्न ऐरणीवर आणला तो डॉ. आंबेडकरांनी. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्याच विधिमंडळावर नेला. खोती नष्ट करणारा कायदा झाला १९४९ साली; तोवर टिळक जाऊन एकोणतीस वर्षे आणि लेनिन जाऊन पंचवीस वर्षे लोटली होती.