गाजरगवत, इसब आणि अ‍ॅझाथायोप्रिन

महाराष्ट्रातील तीव्र इसबाचा अर्वाचीन इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचे एक प्रकरण रुग्णालयात नव्हे, तर पुण्याच्या परिसरातील पडीक जमिनीत सुरू करावे लागेल. पार्थेनियम हिस्टेरोफोरस या मूळच्या अमेरिकेतील वनस्पतीची पुण्याची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. लोकांनी तिला 'गाजरगवत' व 'काँग्रेस गवत' ही नावे दिली. वस्तुतः ती गवत नव्हेच. तिचे कुल सूर्यफुलाचे, आणि गाजराशी साम्य आहे ते पानांपुरते. दुसऱ्या नावाची उपपत्ती कोणी पांढऱ्या फुलांना टोप्या कल्पून लावतात, तर कोणी अमेरिकन गव्हाशी त्याचा संबंध जोडतात. परंतु पी. एल. ४८० खालील भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. रोप रुजून, पसरून अभ्यासकाच्या दृष्टीस पडण्यास लागणारा अवधी ध्यानात घेतला, तर त्या करारावर ठेवलेला ठपका कालक्रमास धरून नाही. लोकव्युत्पत्तीस सनावळीची फिकीर क्वचितच असते!

या वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य त्वचेतील प्रथिनांशी जडते. शरीरातील रक्षक पेशी त्या संयुगास परके मानतात आणि त्वचेचाच दाह आरंभितात. या विकाराविषयी लोणकर, मिचेल व कॅलनन यांचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. वाळलेल्या झाडाचा चुरा वाऱ्याबरोबर उडतो. म्हणून झाडास हातही न लावलेल्या माणसाच्या पापण्या, मान व कोपरांच्या घड्या सुजतात, चिघळतात, आणि पुढे कातडे जाड व काळवंडलेले होते. झाडापासून दूर राहा, असे शेतकऱ्यास सांगणे म्हणजे त्याला शेत सोडावयास सांगणे होय.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उतार पडे. पण गोळी थांबली की रोग उलटे, आणि चालू ठेवली तर हाडे ठिसूळ होत, मधुमेह जडे. या कोंडीतून वाट काढली ती १९५७ साली गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत निर्माण झालेल्या अ‍ॅझाथायोप्रिनने. रोपण केलेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणूनही योजले जाणारे हे औषध रक्षक पेशींची वाढ रोखते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील वर्मा, मनचंदा व पसरिचा यांनी २००० साली गाजरगवताच्या इसबात स्टेरॉइडची गरज कमी करणारे औषध म्हणून त्याची चर्चा केली. सायक्लोस्पोरिनच्या मानाने ते स्वस्त. गुण मात्र सावकाश, काही आठवड्यांनी दिसतो. पांढऱ्या पेशी घटण्याचा व यकृतास अपाय होण्याचा धोका असल्याने रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. शहरातील रुग्णास ही अट किरकोळ वाटेल. परंतु खेडेगावच्या रुग्णाच्या बाबतीत प्रत्येक तपासणी म्हणजे एक बुडालेली रोजी असते.

मेक्सिकोहून आणलेले झायगोग्रामा भुंगे १९८४ साली बंगळूरजवळ सोडण्यात आले. पावसाळ्यात ते गाजरगवताची पाने फस्त करतात. कोरड्या दिवसांत मात्र जमिनीत दडून राहतात. वाळलेल्या झाडांचा चुरा उडतो तो याच दिवसांत.