‘पित्त झालं असेल’

हा माणूस कोणी एक नाही. डोंबिवलीहून ठाणेमार्गे ऐरोलीला नोकरीला जाणाऱ्या अनेकांच्या तपशिलांतून हा एक दिवस मांडला आहे. वय ४६. कंबर ९८ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९०. रक्तदाब १५०/९६, एलडीएल कोलेस्टेरॉल १६८. रिपोर्ट फ्रिजवर पडून. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने केव्हाच सांगितले होते की, दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो.

सकाळी ७.१०
चहा, चार खाऱ्या. रक्तदाबाची गोळी संपून नऊ दिवस झाले. पगार झाला की आणायची.

सकाळी ७.३८
डोंबिवली स्टेशनचा पूल. वरच्या पायऱ्यांवर छाती जड होते. कठडा धरून थांबल्यावर दोन मिनिटांत बरे वाटते. चढताना यावे, थांबल्यावर जावे, ही अरुंद झालेल्या रक्तवाहिनीची खूण. गर्दीने गुदमरलो असे समजून तो फास्ट पकडतो.

दुपारी १.३०
घरात दोघांची नोकरी. डबा दोन वर्षांपूर्वीच बंद झाला. नूडल्स, खुर्चीतच. ऑफिसात आल्यापासूनचे चालणे पँट्रीपर्यंत.

संध्याकाळी ७.०५
ठाणे स्टेशनबाहेर दोन वडापाव, मग सिगारेट. तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. कढईपाशी ते मोजायला कोणी नसते.

रात्री ११.५०
अमेरिकेतल्या टीमचा कॉल संपतो. मागवलेली बिर्याणी लॅपटॉपसमोरच खाऊन झाली आहे. झोपायला १२.४०.

पहाटे ३.५५
जाग येते. छातीवर दाब, जबड्यात कळ, बनियन घामाने ओले. रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरली आहे. रक्त अडले की २० ते ३० मिनिटांत हृदयाचा स्नायू मरू लागतो.

पहाटे ४.०५
इनो. ढेकर येतो. तेवढ्यावर भरवसा बसतो.

पहाटे ४.३०
“अहो, दवाखान्यात जाऊ या ना.”
“पित्त झालं असेल गं. उजाडू दे.”
१०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. फोन होत नाही.

पहाटे ५.४०
उलटी. आता निघायचे ठरते. इमारतीला लिफ्ट नाही. तीन मजले तो स्वतःच्या पायांनी उतरतो. नाक्यावर रिक्षा मिळायला अकरा मिनिटे.

सकाळी ६.१२
कॅज्युअल्टी. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढायचा असतो. तो सहाव्या मिनिटाला निघतो. मोठा झटका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन भरायला घेतात.

सकाळी ६.२१
हृदयाचे ठोके विस्कटतात. शॉक. छाती दाबणे. पुन्हा शॉक.

सकाळी ६.५१
मृत घोषित. दुखणे सुरू झाल्यापासून २ तास ५६ मिनिटे झाली होती. त्यातली २ तास १७ मिनिटे घरात आणि रस्त्यात गेली.