बाळंतपण

कळा सुरू झाल्यापासून बाळ आणि वार बाहेर येईपर्यंतची क्रिया, तसेच त्यानंतर बाईचे शरीर सावरण्याचा सुमारे दीड महिना, या साऱ्याला मिळून मराठीत बाळंतपण म्हणतात. या शब्दाच्या वापरात एक मोलाचा बारकावा आहे. जिला मूल होते ती ‘बाळंत होते’. ‘बाळंतपण करते’ ती तिची आई, सासू, मावशी किंवा सुईण. “माझी दोन्ही बाळंतपणं आईनंच केली,” असे बायका सहज सांगतात. बाळंतपण हे दुसऱ्या कुणीतरी करायचे काम आहे आणि मूल जन्मले म्हणून ते संपत नाही, ही समज भाषेतच मुरलेली आहे. वैद्यकशास्त्र सावरण्याचा हा काळ ४२ दिवसांचा मानते, घरचा हिशेब सव्वा महिन्याचा. फरक चार-पाच दिवसांचाच.

बहुतेक बायका ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान बाळंत होतात. खऱ्या कळा अनेकदा कमरेतून निघून ओटीपोटाकडे येतात. पोट दगडासारखे घट्ट होते, मग सैल पडते. खोट्या कळा थोडे चालल्याने किंवा आडवे झाल्याने विरतात; खऱ्या कळा थांबत नाहीत आणि त्यांच्यातले अंतर कमी होत जाते. पाणमोट फुटून पाणी जाऊ लागले, तर कळा नसल्या तरी दवाखाना गाठावा. पाणी हिरवट दिसले तर बाळाने पोटातच शी केलेली असू शकते. मग मुळीच थांबू नये.

गर्भाशयाचे तोंड १० सेंटिमीटर उघडावे लागते. पहिले पाच सेंटिमीटर फार संथ जातात आणि त्याला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही. त्यानंतर पहिलटकरणीला पूर्ण उघडायला १२ तासांपर्यंत आणि बाळ बाहेर यायला आणखी तीन तासांपर्यंत लागू शकतात. पुढच्या खेपांना वेळ सहसा कमी लागतो. या काळात बाईने चालावे, कुशीवर वळावे, पाणी किंवा पेज घ्यावी. अडचण नसेल तर तासन्‌तास उताणे पडून राहण्याची गरज नसते. जोर लावायचा तो शरीर सांगेल तेव्हा. वरून पोट दाबून बाळ खाली ढकलणे धोक्याचे आहे आणि प्रत्येकीला खाली छेद देण्याचीही गरज नसते. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, तिला टोमणे मारणे हे आपल्याकडच्या अनेक प्रसूतिकक्षांत वर्षानुवर्षे खपवून घेतले गेले. भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत जवळची एक बाई ठेवायला मुभा दिली, त्यामागे हेही एक कारण आहे. ओळखीचा हात हातात असला की कळा सोसणे सोपे जाते, हे सुईणींना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

बाळ आले की घरच्यांचे डोळे बाळाकडे लागतात. बाईच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा वेळ मात्र इथून सुरू होतो. वार साधारण अर्ध्या तासात पडते. ती पडल्यावर सिस्टर ट्रेमध्ये पसरून तिचा प्रत्येक कप्पा जुळतो का ते पाहते, कारण आत राहिलेला छोटासा तुकडाही रक्तस्राव थांबू देत नाही. मग ती बाईच्या बेंबीपाशी हात ठेवते. गर्भाशय नारळासारखे कडक लागले तर ठीक. मऊ, पसरट लागले तर ते चोळून आकुंचित करावे लागते. बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात ते याचसाठी. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव बघायचा असतो. योनिमार्गे झालेल्या प्रसूतीत ५०० मिलिलिटरहून अधिक रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव. हे रक्त चादरीत आणि कपड्यांत मुरते, म्हणून बघणाऱ्याचा अंदाज नेहमी कमीच पडतो.

नाळ कापायला एक ते तीन मिनिटे थांबणे बाळाच्या रक्तवाढीसाठी चांगले. तासाभरात बाळाला पाजायला घ्यावे. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक टाकून देण्याची आणि त्याऐवजी मध चाटवण्याची चाल चुकीची आहे. बाळाचे पहिले संरक्षण त्या चिकातच असते.

जन्मानंतर सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत ५०-६० ग्रॅमवर येते. पाजताना पोटात कळ येते ती त्या आकसण्याचीच. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती जास्त जाणवते. अंगावरून जाणे पहिले तीन-चार दिवस लाल, मग तपकिरी आणि नंतर पांढुरके असते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते, छाती जड आणि गरम होते. बाळाला वारंवार पाजणे हाच त्यावर उपाय. सिझर झाले असेल तर ती पोटाची मोठी शस्त्रक्रियाच असते, तरीही दिवसभराच्या आत आधार घेऊन उठून चालायला हवे, नाहीतर पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात आणि चारपैकी एक सिझरने. तेव्हा ‘नॉर्मल झाली नाही’ म्हणून कुणालाही कमीपणा देण्याचे कारण नाही.

घरचा सव्वा महिना म्हणजे तेलाचे मालीश, कढत पाण्याची आंघोळ, शेक-शेगडी, कानाला रुमाल, जेवणानंतर बाळंतशेपा, सकाळी अळिवाची खीर नाहीतर डिंकाचा लाडू. पाचवीला सटवाई, बाराव्या दिवशी बारसे. यातली विश्रांती, ऊब आणि सोबत यांना तोड नाही. अळिवातून लोह मिळते. पण पाणी कमी पाजणे, फळे-भाज्या बंद करणे, दारे-खिडक्या लावून धुरी कोंडणे हे सोडायलाच हवे. पाजणाऱ्या बाईला तहान लागते, आणि धूर तान्ह्याच्या फुप्फुसाला सोसत नाही.

काही खुणा दिसताच दिवस-रात्र न पाहता रुग्णालयात न्यावे. तासाभरात पॅड भिजणे, ताप आणि घाण वासाचा स्राव, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारणे. शेवटची खूण रक्तदाब वाढल्याची असते. बाळ जन्मल्यानंतरही झटके येऊ शकतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक बायकांना विनाकारण रडू येते. ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही झोप, भूक, बाळाची ओढ सारे हरपले असेल तर तो आजार आहे; दहापैकी एकीहून अधिक बायकांना तो होतो. ‘बाहेरचे’ म्हणून अंगारा लावण्यात दिवस घालवू नयेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो.

पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी १४ व्या वर्षी आई झाल्या. त्यांचे बाळ दहाच दिवस जगले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. बाळंतपणातला धोका अजूनही संपलेला नाही: २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता.

कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांत. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला ती येत नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते आणि एक जण बसला तरी खाडा पडतो. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळंत झालेली बाई म्हणून थोड्याच दिवसांत मोळ्या बांधायला उभी राहते, आणि तोवर तिचे जे काही बाळंतपण होते ते शेजारच्या कोपीतल्या बाया फडावरून परतल्यावर, चूल पेटवायच्या आधी करतात.