मराठी कोशांतला शब्दांचा क्रम

छापखाना येण्यापूर्वी कोश पाठ केला जाई आणि त्यातल्या शब्दांचा क्रम पाठांतराच्या सोयीने ठरे. अमरसिंहाचा संस्कृत अमरकोश हा त्याचा आदर्श. त्यात तीन कांडे आहेत आणि कांडांत विषयवार वर्ग: स्वर्ग, काल, पाताल, भूमी, पुर, वनौषधी. एका अर्थाचे शब्द श्लोकात एकत्र येतात. अनेकार्थी शब्दांच्या नानार्थवर्गात मात्र क्रम अक्षरांचा आहे, पण तो शेवटच्या व्यंजनाचा. आधी ककारान्त शब्द, मग खकारान्त, मग गकारान्त.

महाराष्ट्रात याच पद्धतीने घडलेला सर्वांत मोलाचा ग्रंथ म्हणजे राज्यव्यवहारकोश. १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तो सिद्ध झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी तो जोडला जातो. प्रत्यक्ष रचना धुंडिराज व्यासांची असल्याचेही अभ्यासक मानतात. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, तेही पद्यात. त्याचे दहा वर्ग असे: राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि पण्य. ही यादी म्हणजे राज्यकारभाराचा नकाशाच होय. गडावरच्या माणसाला गडाचे शब्द एकाच ठिकाणी मिळत, लेखनिकाला दप्तराचे. मात्र एखादा सुटा शब्द शोधायचा तर तो कोणत्या खात्यातला हे आधी ठाऊक हवे. जपानमध्येही दहाव्या शतकातला मिनामोतो नो शितागोचा कोश असाच विषयवार होता.

अक्षरक्रमाची गरज प्रथम परक्यांना भासली, कारण त्यांना ऐकलेला शब्द हुडकायचा असे. गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी कोंकणी शब्दसंग्रह रोमन लिपीत केले. दियोगो रिबेरोचा संग्रह १६२६चा. याच संघाने १६०३मध्ये नागासाकीला जपानी-पोर्तुगीज कोश छापला, तोही रोमन अक्षरांच्या क्रमाने.

मराठीचा पहिला छापील कोश १८१०मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघाला. तो करणाऱ्या मिशनरी विल्यम कॅरीला त्यात पंडित वैजनाथांचे साहाय्य होते आणि मराठी शब्द मोडी अक्षरांत होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद काटेकोर पाळला जात नाही. देवनागरी कोशाला मात्र प्रत्येक शब्दाची जागा नेमकी ठरवावी लागते, आणि ती ठरवायची तर आधी शुद्धलेखन ठरले पाहिजे. मराठी लेखनाला शिस्त लागण्यात कोशकारांच्या या अडचणीचा वाटा मोठा आहे.

हे काम मुंबई इलाख्यात शास्त्रीमंडळाने केले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि सहकाऱ्यांचा महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९मध्ये शिळाप्रेसवर छापला गेला. त्यात मराठी शब्दांचे अर्थ मराठीतच दिले होते. १८३१मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, त्यात कँडी बंधूंचे परिश्रम होते. वर्णमालेच्या क्रमाने बसवलेल्या या कोशात शब्द संस्कृत, फारसी की अरबी हे सांगणाऱ्या खुणा आहेत. वर्गवारीने दिसणारी शब्दांची जात अशा रीतीने नोंदीच्या आत आली. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांवर गेली. त्याचे श्रेय मोल्सवर्थइतकेच शास्त्र्यांना दिले पाहिजे. ते फार थोड्या वेळा दिले गेले आहे.

वर्णमालेचा हा क्रम पाश्चात्त्यांचा नव्हे. स्वर आधी, मग कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी उच्चारस्थानांची मांडणी प्राचीन शिक्षाग्रंथांची, म्हणजे उच्चारशास्त्राच्या ग्रंथांची, आहे. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून ती जपानात पोचली, आणि तिथे आ-का-सा-ता-ना हा पन्नास ध्वनींचा क्रम घडला. ओत्सुकी फुमिहिकोचा १८८९-९१चा 'गेन्काई' हा कोश त्याच क्रमाने लावलेला आहे.

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत बोलींतले, व्यवसायांतले आणि जुन्या ग्रंथांतले शब्द एकाच वर्णानुक्रमात आणले. विषयवारी मात्र संपली नाही. १९६०मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश विषयागणिक वेगळे आहेत आणि त्यांचा मुख्य क्रम इंग्रजी अक्षरांचा आहे. इंग्रजी मजकुराचे मराठी करणाऱ्याला तो सोयीचा. मराठी शब्दापासून सुरुवात करणाऱ्या वाचकासाठी अशा प्रत्येक कोशाला मराठी वर्णक्रमाची सूची असायला हवी.