सत्त्वपातन : रसरत्नसमुच्चयांतील एका ‘यद्वा’विषयीं

पुण्यांतील बुधवार पेठेंत, अप्पा बळवंत चौकाजवळ, आनंदाश्रम आहे. महादेव चिमणाजी आपटे ह्यांनीं ही संस्था इ. स. १८८८ मध्यें स्थापिली, व इ. स. १८९० मध्यें तिच्या संस्कृत ग्रंथावलींतील एकोणिसावा ग्रंथ म्हणून वाग्भटाचा रसरत्नसमुच्चय छापून निघाला. हा वाग्भट अष्टांगहृदयकर्त्याहून निराळा व पुष्कळ नंतरचा. ग्रंथाचा काळ सामान्यतः तेरावें-चौदावें शतक असा धरितात. तरुणपणीं प्रस्तुत लेखकानें ही प्रत एका वैद्यमित्राच्या सोबतीनें प्रथम वाचली, तेव्हां ‘वृंताकमूषा’ म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, एवढा अर्थ लावून आम्ही पुढें गेलों. अर्थ चुकला नव्हता. परंतु मूस वांग्यासारखी कां, हा प्रश्न आम्हां दोघांसही सुचला नाहीं. तो सुचण्यास पुढें बरीच वर्षें जावीं लागलीं, आणि त्याचें उत्तर व्याकरणांत नव्हतें.

ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत खर्पराचें, म्हणजे कलखापरीचें, सत्त्व काढण्याची कृति आहे. हें सत्त्व म्हणजे जस्त. हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, धूम, टाकणखार व बिब्बे हीं द्रव्यें चतुर्थांश घेऊन आम्लांत खर्परासह खलावीं, त्यांचा लेप मुशींत द्यावा, ती वाळवून बंद करावी व भात्यानें फुंकावी. ज्वाला निळी असते ती पांढरी झाली, म्हणजे मूस सांडशीनें धरून उपडी करावी व नळी न मोडेल अशा बेतानें जमिनीवर हळू आपटावी. वंगासारखें सत्त्व खालीं पडतें. दहाव्या अध्यायांत ह्याच मुशीची नळी बारा अंगुळें लांब व धोत्र्याच्या फुलासारखी उमललेली सांगितली आहे.

ह्या यादीकडे केवळ वैद्यकाच्या दृष्टीनें पाहणारा फसतो. हळद, राळ, त्रिफळा, बिब्बे हीं येथें औषधें नव्हेत. मुशींत तीं जळून त्यांचा कोळसा होतो, व तो कोळसा खर्परांतील प्राणवायु हिरावून घेतो. निळी ज्वाला त्या वेळीं निघणाऱ्या कोळशाच्या वायूची, व पांढरी ज्वाला जस्ताच्या वाफेची. अडचण अशी कीं, जस्त ९०७ अंशांवर उकळतें, आणि कोळशानें तें मोकळें होण्यास त्याहूनही अधिक उष्णता लागते. म्हणून तांब्यालोखंडाप्रमाणें जस्त भट्टीच्या तळाशीं सांचत नाहीं. जन्मतांच त्याची वाफ होते, व तिला हवा लागली कीं पुनः भस्म. ज्वाला पांढरी झाली ह्याचाच अर्थ थोडें सत्त्व हवेंत जळूं लागलें. पहिल्या कृतीचा हा दोष उघड आहे.

ह्यापुढें ग्रंथांत ‘यद्वा’ असा शब्द येतो व दुसरी कृति येते. कोष्ठीच्या पोटांत पाण्याची स्थाली पुरावी, तिच्या तोंडावर छिद्र असलेला मल्ल, म्हणजे परळ, ठेवावा, त्यावर मूस अधोमुख बसवावी, तिच्यावर निखारे घालून जोरानें फुंकावें. सत्त्व खालच्या पाण्यांत पडतें. ‘यद्वा’ ह्या शब्दानें आपण एका पर्यायावरून दुसऱ्यावर सहज सरकतों. माझ्या मतें येथें केवळ पर्याय नाहीं. दुसऱ्या कृतींत अग्नि वर आहे, शीत खालीं आहे, व दोहोंमध्यें एक परळ आहे. सत्त्व मोकळें होणें आणि तें वेगळें होऊन थिजणें ह्या दोन क्रिया एकाच पात्रांत, एकाच अग्नीवर, एकाच वेळीं चालतात. वाफ निघून जात असल्यामुळें मुशींतील क्रिया अडत नाहीं, व ज्वालेची खूण पाहून मूस उपडी करण्याची धांदलही नको. वांग्याचा आकार त्यासाठींच : पोट अग्नींत, देंठ थंडाव्यांत.

हा माझा केवळ शब्दच्छल आहे असें कोणी म्हणेल, तर उदयपूरजवळील जावरच्या खाणी पाहाव्या. तेथें इ. स. १९८३ मध्यें बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ व ब्रिटिश म्यूझियम ह्यांच्या संशोधकांनीं हिंदुस्थान झिंक कंपनीच्या साहाय्यानें उत्खनन केलें, व एका रांगेंत सात भट्ट्या मूळ जागीं सांपडल्या. प्रत्येकींत वांग्याच्या आकाराच्या छत्तीस मुशी, सर्व अधोमुख. मध्यें छिद्रांची मातीची फरसबंदी, वर अग्नीचा कोठा, खालीं थंड कोठा. मूस उपडी करितांना आंतील गोळ्या गळूं नयेत म्हणून नळींत काडी घालीत. ती जळाली कीं वाफेस वाट होई. ग्रंथांतील सच्छिद्र मल्ल येथें कारखान्याच्या मानानें वाढलेला दिसतो. आणि छत्तीस मुशींस अग्नि एकच. सरपणाची बचत किती, हें निराळें सांगावयास नको.

आतां आधुनिक बाजू. जेथें विक्रिया व ऊर्ध्वपातन एकाच स्तंभांत घडवितात, अशा स्तंभांची रचना हा आज रसायन-अभियंत्यांचा मोठा विषय आहे. ह्याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील ईस्टमन कंपनीचें. अ‍ॅसेटिक आम्ल व मेथॅनॉल ह्यांपासून मेथिल अ‍ॅसेटेट करितांना विक्रिया अर्ध्यावर थांबते, कारण उत्पन्न झालेले पदार्थ उलट दिशेनें पुनः मूळ रूपास जातात. शिवाय मेथिल अ‍ॅसेटेट पाणी व मेथॅनॉल ह्या दोहोंशीं असें मिसळून उकळतें कीं साध्या ऊर्ध्वपातनानें तें शुद्ध होत नाहीं. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत त्या कंपनीनें एकच उंच स्तंभ उभारिला. त्यांत जड आम्ल वरून खालीं व हलका मेथॅनॉल खालून वर जातो, दोघे वाटेंत भेटतात, मेथिल अ‍ॅसेटेट माथ्यावरून व पाणी तळांतून निघून जातें. पदार्थ निघून गेल्यामुळें विक्रिया पुढें ओढली जाते. जुन्या पद्धतींतील अकरा मुख्य यंत्रघटकांचें काम ह्या एका स्तंभानें केलें, व उष्णता सुमारें पंचमांशावर आली.

येथें एक सावधगिरी अवश्य. आमच्या ग्रंथांत हा स्तंभ होता, असें म्हणणें शुद्ध बाष्कळपणा होय. स्तंभांत वाफ वर व द्रव खालीं अशी पायरीपायरीनें होणारी देवघेव असते; तिचा मागमूस रसरत्नसमुच्चयांत नाहीं. जस्ताची क्रिया एका टप्प्याची आहे. साम्य आहे तें एवढ्यापुरतेंच : घडणारा पदार्थ घडतांच दूर करावा, म्हणजे क्रिया अडत नाहीं व दुसरी चूल पेटवावी लागत नाहीं. ‘सत्त्वपातन’ ह्या एका समासांत हीं दोन्हीं अंगें आहेत, हें मात्र मी आग्रहानें म्हणेन.

नवव्या अध्यायांतील विद्याधरयंत्रही ह्याच जातीचें. एका स्थालीवर दुसरी, वरचींत पाणी, खालीं अग्नि; प्रयोजन हिंगुळांतून पारा काढणें. बंद पात्रांत नुसता हिंगुळ तापविला, तर त्यांतील गंधकास धरून ठेवणारें कांहीं नसल्यास वरच्या बुडाशीं पुनः हिंगुळच जमूं शकतो. तेव्हां येथेंही केवळ उडविणें पुरेसें नाहीं, विघटन हवेंच.

जातां जातां शाळामास्तराची एक तक्रार. पाठ्यपुस्तकांत ऊर्ध्वपातन हा शब्द सर्वच प्रकारांस लावितात. रसग्रंथांत पातनें तीन : ऊर्ध्व, अधः व तिर्यक्. प्रयोगशाळेंतील तिरप्या नळीचें उपकरण हें सरळ सरळ तिर्यक्पातन आहे, आणि जस्ताचें अधःपातन. एका शब्दानें दुसरे दोन झांकले गेले, व त्यांबरोबर ‘अधोमुखी’ ह्या विशेषणाकडे पाहण्याची नजरही गेली.

ज्यांच्या संग्रहीं रसरत्नसमुच्चयाच्या किंवा सोमदेवाच्या रसेंद्रचूडामणीच्या हस्तलिखित प्रती असतील, त्यांनीं खर्परसत्त्वाचें प्रकरण उघडून तीन गोष्टी पाहाव्या : मल्लास ‘सच्छिद्र’ हें विशेषण आहे कीं नाहीं, ‘यद्वा’च्या जागीं दुसरा पाठ आहे काय, आणि लेखकूनें समासांत आकृति काढिली असल्यास मुशीचें तोंड वर आहे कीं खालीं. वैद्यांच्या घरांतून रसयोगांचीं सुटीं पानें अपूर्ण म्हणून टाकून देतात. त्यांतील यंत्रांचीं पानें तेवढीं तरी वेगळीं काढून ठेवावीं.